बारा बाटल्या

उर्सुला घोन्सालविसला सूड घ्यायचा होता, पण तो कसा घ्यायचा हे तिला दहा वर्षं सुचलं नव्हतं. सुचलं ते २००७च्या फेब्रुवारीत, गोरेगावच्या एका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये. आणि तेसुद्धा ज्याच्यावर सूड घ्यायचा तोच माणूस आपल्या पायांनी तिच्याकडे चालत आला म्हणून.

उर्सुलाची वाडी नंदाखालला. एक विहीर, दोन-सव्वादोनशे राजेळी केळी, कडेला थोडी पानवेल. राजेळीची सुकेळी वसईत पूर्वी बरीच घरं करायची. पिकलेली केळी सोलून बांबूच्या मांडवावर आठ दिवस उन्हात घालायची, ऊन उतरलं की सुक्या पानांखाली झाकायची, सकाळी परत उघडायची. नाताळसाठी द्राक्षांची, जांभळांची वाईन घरोघर व्हायची, पण सुकेळीची फक्त घोन्सालविसांकडे. उर्सुलाच्या सासूने, सालोमीने, ती करायला घेतली होती आणि सुनेला हाताला धरून शिकवली होती. सुकेळी किती बारीक चिरायची, पिंप भिंतीपासून किती लांब ठेवायचं, पहिल्यांदा गाळल्यावर किती महिने हात न लावता निवळू द्यायची. दोन वर्षं होईपर्यंत चाखायचीही नाही. दोन वर्षांनी ती मधाच्या रंगाची व्हायची, आणि घोट घशाखाली उतरल्यावरही तोंडात वाळत्या केळ्यांचा वास बराच वेळ राहायचा.

नवरा युजीन शाळेत मास्तर होता. त्याचा मामेभाऊ ॲन्सेल्म बोळिंजचा. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकले, एकाच पंगतीत वाढले. लेक ॲनीच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून ॲन्सेल्मच उभा राहिला होता. नाताळच्या आधी तो मुंबईच्या ओळखीच्या लोकांकडे युजीनच्या घरच्या बाटल्या पोचवायचा. परवाना वगैरे कोणाकडेच नव्हता आणि त्याची कोणाला फिकीरही नव्हती. तरी खबरदारी म्हणून विहिरीमागच्या खोलीत ॲन्सेल्मने स्वतःच्या हाताने एक फळ्यांची भिंत ठोकून दिली होती. पिंपं त्या भिंतीमागे असायची.

१९९६च्या डिसेंबरात, नाताळला नऊ दिवस असताना, सकाळीच एक्साइजची जीप आली. आलेल्या माणसांनी स्वयंपाकघर पाहिलं नाही, माळा पाहिला नाही. ते सरळ विहिरीमागे गेले, नारळाच्या सोडणांची पोती बाजूला केली आणि फळ्या उचकटल्या. अकरा पिंपं केळीच्या पाटात ओतली गेली. दोन वर्षांची वाईन मुळांशी जिरली आणि आठवडाभर वाडीत त्याचा वास येत राहिला. युजीनला त्यांनी जीपमध्ये बसवलं. जीप शाळेवरूनच जायची होती. पोरं प्रार्थनेला रांगेत उभी होती, त्यांना वाटलं मास्तर गाडीत बसून कुठे निघालेत, म्हणून त्यांनी हात हलवले. ॲनी तेव्हा बारा वर्षांची होती आणि त्याच रांगेत उभी होती.

खटला दंडावर मिटला. नोकरी आधी थांबली, मग परत मिळाली, पण युजीन वर्गात उभा राहू शकेना. खडू हातात घेतला की त्याला घाम फुटायचा. दीड वर्षाने, पावसाळ्यात, अंगणात खुर्चीवर बसल्या-बसल्याच तो गेला.

"ती भिंत तिघांनाच ठाऊक होती," उर्सुला त्याला जिवंतपणी कितीतरी वेळा म्हणाली होती. "तुम्ही, मी आणि ॲन्सेल्म."

"काहीतरी बोलू नकोस," युजीन म्हणायचा. "तो माझ्या पाठीवर बसून पोहायला शिकला."

मयताच्या दिवशी ॲन्सेल्म खूप रडला. जाताना भिंतीवरचा सालोमीचा फोटो मोठा करून आणतो म्हणून घेऊन गेला. तो फोटो परत आला नाही. दोन वर्षांनी उर्सुलाने तो विरारच्या एका दुकानात पाहिला, बाटलीवर. ॲन्सेल्मने बोळिंजची वाडी बिल्डरला दिली होती, सातिवलीला शेड घेतली होती, परवाना काढला होता. वाईनचं नाव होतं 'आंटी सालोमी', आणि खाली छापलं होतं की ही उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्यांची वाईन, दोनशे वर्षांची घरची परंपरा. उर्सुलाने एक बाटली विकत घेतली, घरी आणून उघडली आणि एक घोट घेऊन मोरीत ओतली. कुठल्याही केळ्यांचा गर, साखर आणि जळक्या साखरेचा रंग. राजेळीचा त्यात मागमूस नव्हता, कारण ॲन्सेल्मकडे राजेळीचं एक झाड उरलं नव्हतं. त्याच्या वाडीवर चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या.

त्या दिवसापासून तिला खात्रीच झाली. पुरावा नव्हता, पण खात्री होती. तिने कोणाला काही सांगितलं नाही. ॲन्सेल्म रस्त्यात दिसला तर ती नजर न चुकवता त्याच्याकडे बघायची आणि तो मान खाली घालून पुढे जायचा.

ॲनी बीएस्सी झाली तेव्हा तिनेच परवान्याचे कागद भरले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. २००४ला छोटा परवाना मिळाला. वर्षाला तीनशे बाटल्या, त्याहून जास्त राजेळी नव्हतीच. लेबलवर उर्सुलाने एकच शब्द छापून घेतला: 'युजीन'.

पेपरातली जाहिरातही ॲनीनेच दाखवली. आंतरराष्ट्रीय वाईन व्यापार मेळा, तीन दिवस, परदेशातले खरेदीदार येणार. सगळ्यांत छोटा स्टॉल परवडण्यासारखा होता. मायलेकी टेम्पोत दोन खोकी घालून निघाल्या, चोवीस बाटल्या.

हॉलच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि उर्सुलाला समोर सासू दिसली. सहा फूट उंच, चहूबाजूंनी दिवे लावलेली. तो ॲन्सेल्मचा स्टॉल होता, दारासमोरच, काचेच्या टेबलांचा, टाय लावलेल्या पोरांचा. ॲन्सेल्म सूट घालून कोणाशी तरी हसत होता. तिला पाहून त्याचं हसू क्षणभर अडकलं, मग पुन्हा चालू झालं.

त्यांचा स्टॉल मागच्या भिंतीला, संडासाशेजारी होता. हात वाळवायचं यंत्र दर मिनिटाला घरघरायचं. एसी इतका की उर्सुला साडीवर शाल घेऊन बसली. शेजारी नाशिककडचा एक द्राक्षवाला होता. त्याने या बायकांकडे चहाचे काचेचे पेले पाहिले आणि काही न बोलता आपले सहा उंच दांड्याचे ग्लास आणून ठेवले. एवढा एक माणूस सोडला तर पहिल्या दिवशी कोणी धड ओळखही करून घेतली नाही. गळ्यात बिल्ले घातलेले लोक यायचे, ग्लास फिरवायचे, नाक खुपसायचे, तोंडात घोट घोळवायचे आणि शेजारच्या बादलीत थुंकायचे.

पहिला माणूस थुंकला तेव्हा उर्सुला उठून उभीच राहिली. "ॲनी, थुंकला तो!"

"मम्मी, सगळे थुंकतात. दिवसाला पन्नास-साठ चाखायच्या असतात त्यांना. गिळतील तर पडतील."

"दोन वर्षं राखायची आणि बादलीत?"

"इथे असंच असतं," ॲनी म्हणाली आणि ब्रोशर सारखे करत बसली.

उर्सुलाला ते पटलं नाही, पण ती बघायला शिकली. दुपारपर्यंत तिला कळलं होतं की हे लोक तोंडाने खोटं बोलतात, पण थुंकण्यात खोटं नसतं. नावडली तर झटकन थुंकतात. आवडली तर थुंकण्याआधी थोडं थांबतात. तिच्या बादलीशी असे थांबणारे बरेच होते. पण हातात ब्रोशर घेतलं की विचारायचे, वर्षाला किती बाटल्या? ॲनी म्हणायची, तीनशे. मग ते हसून पुढे जायचे. त्यांना कंटेनर भरायचे होते.

संध्याकाळी पाच वाजता ॲन्सेल्म आला. टाय सैल झालेला, कपाळावर एसीतही घाम. ॲनी बाकीचे स्टॉल बघायला गेली होती. तो आधी द्राक्षवाल्याच्या स्टॉलकडे पाहत उभा राहिला, मग एकदम टेबलावर वाकला.

"वैनी."

युजीनच्या मयतानंतर त्याने तिला पहिल्यांदा हाक मारली होती.

"एक हॉलंडची बाई आहे. मार्ग्रीट. मोठी खरेदीदार. माझं ब्रोशर वाचून खास आली, वाळवलेल्या केळ्यांची वाईन म्हणून. पण माझा माल... शेडमध्ये उष्णता होती, गढूळ झालाय. वास येतोय. तिने एक घोट घेतला आणि लगेच थुंकली. म्हणाली, बाटली खराब असेल, उद्या अकराला परत येते, दुसरी उघडा." त्याने तोंडावरून हात फिरवला. "दुसरी पण तशीच आहे. सगळ्या तशाच आहेत."

"मग?"

"तुझ्या बाटल्या दे. बारा दे. माझं लेबल लावतो. तू म्हणशील ते करतो, वैनी. काय पाहिजे सांग."

उर्सुलाच्या मनात पहिलं आलं ते हे, की पेला उचलून त्याच्या तोंडावर फेकावा. हात टेबलापर्यंत गेलाही. मग तिला त्याच्या खांद्यावरून पलीकडे, हॉलच्या टोकाला, दिव्यांतली सासू दिसली आणि ती थांबली. या माणसाकडे राजेळी नाही. सातिवलीत नाही, बोळिंजला नाही, कुठेच नाही. आज केळीचे कोंब, मुनवे, लावले तरी घड यायला वर्षाच्या वर जाईल, आणि त्यापुढे वाईनला दोन वर्षं. ती बाई कंटेनर मागणार. हा हो म्हणणार. हा नेहमी हो म्हणतो.

"मला काही नको," ती म्हणाली. "आपल्या घरचीच वाईन आहे. तूच तसं छापलंयस ना."

ॲन्सेल्मचे डोळे भरून आले. "तुझं मन मोठं आहे, वैनी. पुढे ऑर्डर आली तर... नंतरसाठीही मिळेल ना तुझ्याकडून?"

"आधी ऑर्डर तर घे," उर्सुला म्हणाली.

बाटल्यांवर लेबलं खळीने चिकटवलेली होती. ॲन्सेल्मने एकही पोरगं सोबत आणलं नव्हतं. त्याला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. तो पुरुषांच्या संडासातून एक बादली पाणी घेऊन आला आणि स्टॉलच्या पडद्यामागे उकिडवा बसून, सूटच्या बाह्या वर करून, एकेक बाटली बुडवून नखांनी लेबलं खरवडू लागला. उर्सुला खुर्चीवर बसून बघत होती. युजीनचं नाव ओलं होऊन सुटत होतं, लगदा होऊन त्याच्या नखांत बसत होतं. बारा वेळा. शेवटची बाटली त्याने नीट केली नाही, तर ती म्हणाली, "ते 'न' राहिलंय बघ." त्याने तेही खरवडलं.

ॲनी परत आली तेव्हा तो गेला होता. पहिल्या दिवशी नऊ बाटल्या चाखण्यात गेल्या होत्या. खोक्यात तीन उरल्या होत्या.

"बाकीच्या?"

"दिल्या एकाला," उर्सुला म्हणाली. "मोठं गिऱ्हाईक आहे." ॲनी खूश झाली. तिने कोण ते विचारलं, तेव्हा उर्सुलाने शाल पांघरून डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी अकराला ती दाराकडच्या खांबाआड जाऊन उभी राहिली. मार्ग्रीट साठीची असावी, उंच, पिकल्या केसांची, पायात जाड बूट. सोबत एक तरुण माणूस होता. ॲन्सेल्मने बाटली उघडली. मार्ग्रीटने ग्लास फिरवला नाही, नुसता नाकाशी धरला, मग घोट घेतला. बादली त्या तरुणाने पुढे केली. तिने मान हलवली. ती ते गिळत होती. डोळे मिटून उभी होती आणि तिच्या गळ्याची हालचाल उर्सुलाला खांबाआडून दिसत होती.

उर्सुलाने खांबाला हात टेकला. या हॉलमध्ये तिची वाईन पहिल्यांदा कोणीतरी गिळली होती, आणि ती आंटी सालोमीच्या टेबलावर, ॲन्सेल्मच्या नावाने. तिला रडू आलं नाही. राग आला. त्या रागातच कुठेतरी थंडगार समाधानही होतं, की हा माणूस आता हसतोय ते शेवटचं.

मार्ग्रीटने दोन बाटल्या नमुना म्हणून मागितल्या. तिच्या माणसाने त्यांच्या बुचांवर लाख लावून सही केली. माल या नमुन्यासारखा हवा, असं ठरलं. उर्सुलाला ते संध्याकाळी ॲन्सेल्मनेच येऊन सांगितलं, लहान मुलासारखं. पहिल्या खेपेला तीन हजार बाटल्या, आठ महिन्यांत. उद्या चार वाजता सह्या. "आपलं नाव होणार, वैनी," तो म्हणाला.

"तुझं होणार," उर्सुला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास हॉल रिकामा झाला होता. खोक्यात एकच बाटली होती. ॲनी टेबलावर डोकं टेकून बसली होती आणि उर्सुला सुकेळीचे तुकडे कागदावर मांडत होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला द्यायला. समोर जाड बूट येऊन थांबले.

मार्ग्रीटने आधी सुकेळीचा तुकडा उचलला. चघळला. मग टेबलावरची सुकेळीच्या वाईनची पाटी वाचली, आणि तिचा चेहरा बदलला. ती ॲनीशी इंग्रजीत बोलू लागली. ॲनी सरळ बसली, तिचे डोळे चमकायला लागले.

"मम्मी, या विचारतायत ही राजेळी कुठली. मी सांगितलं आपल्या वाडीतली. म्हणतायत, त्यांना छोटे वाईन करणारेच शोधायला आवडतात. मी सांगितलं की आपल्या तीनशेच बाटल्या होतात. म्हणतायत, तीनशेही चालतील. दरवर्षी. चव बघायचीय त्यांना."

ॲनीचा हात टेबलाखालच्या खोक्याकडे गेला. उर्सुलाने पाय पुढे सरकवून खोकं मागे दाबलं.

"संपली म्हणून सांग."

"काय?"

"संपली. एकही नाही."

ॲनी आईकडे बघत राहिली. मार्ग्रीट दोघींकडे बघत होती. हसरा, सभ्य चेहरा होता तिचा. दोन दिवस ज्या माणसाला ही बाई भेटत होती तो तिच्याशी एक शब्द खरा बोलला नव्हता, आणि आता उर्सुलाही बोलत नव्हती. एक घोट घेतला असता तर तिला सगळं कळलं असतं. ती चार वाजता सही करायला गेली नसती. दारासमोर सगळ्यांदेखत ॲन्सेल्मची फजिती झाली असती, एक-दोन दिवसांची. लोकांनी कुजबूज केली असती आणि विसरून गेले असते. उर्सुलाला एक-दोन दिवस नको होते.

"सांग तिला," ती म्हणाली.

ॲनीने सांगितलं. मार्ग्रीटने वाईट वाटल्याचं दाखवलं, आपलं कार्ड टेबलावर ठेवलं, सुकेळीचा आणखी एक तुकडा घेतला आणि गेली.

ॲनीने ती दिसेनाशी होऊ दिली. मग तिने खोकं ओढून बाटली बाहेर काढली आणि टेबलावर आपटली.

"हे काय आहे?"

उर्सुलाने तिला सांगितलं. बारा बाटल्यांचं, लेबलं खरवडल्याचं, लाख लावलेल्या नमुन्याचं. काही लपवलं नाही. ॲनीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"मी अजून पळत जाऊन तिला देऊ शकते," ती म्हणाली.

"जा. पण मग तो सुटला."

ॲनी बाटली हातात धरून उभी राहिली. दारासमोरून ॲन्सेल्मचा मोठ्याने हसण्याचा आवाज आला. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग खाली बसली.

"मीही त्या रांगेत होते, मम्मी. मीही हात हलवला होता," ती म्हणाली. "पण तीन वर्षं या स्टॉलसाठी मी पण राबलेय. तू मला एकदा विचारायचं तरी."

उर्सुलाने सुकेळीचे उरलेले तुकडे कागदात गुंडाळले. चार वाजता सह्या झाल्या.

त्यानंतर ॲन्सेल्म नंदाखालला तीनदा आला.

पहिल्यांदा एप्रिलमध्ये, केक घेऊन. ओट्यावर बसून त्याने वाडीकडे नजर टाकली, घड मोजत असल्यासारखी. म्हणाला, यंदाची सगळी वाईन मला दे, तू सांगशील त्या भावाने. उर्सुला म्हणाली, माझी ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. केक तिने ओट्यावरच राहू दिला. मुंग्या लागल्यावर कोंबड्यांना घातला.

दुसऱ्यांदा गणपतीच्या आसपास. तोपर्यंत त्याने चांदीपला जमीन भाड्याने घेऊन राजेळीचे सहाशे मुनवे लावले होते. ते गुडघाभर झाले होते. वसईभर फिरून त्याने मिळतील तिथून सुकेळी गोळा केली होती. पण घाईने आंबवलेली ती वाईन निवळायलाच तयार नव्हती. पाण्यात पीठ कालवल्यासारखी दिसत होती. "आंटी काय करायच्या ते सांग," तो म्हणाला. "तुझं नाव घालतो लेबलवर. युजीनचं घालतो."

"दोन वर्षं थांबायच्या," उर्सुला म्हणाली. "त्याहून वेगळं काही नाही."

"माझ्याकडे एक महिना आहे!"

"ते तू सही करताना बघायचं."

"तू म्हणाली होतीस देईन म्हणून!"

"मी म्हटलं, आधी ऑर्डर घे. तू घेतलीस."

शेवटी त्याने जे होतं ते भरून पाठवलं. हॉलंडमध्ये लाख फोडून नमुन्याची बाटली त्या मालाशेजारी ठेवली गेली. सगळा माल परत आला आणि त्याच्यासोबत बातमीही, कारण त्या धंद्यात माणसं थोडी आणि एकमेकांना ओळखणारी. मुंबईच्या हॉटेलांनी 'आंटी सालोमी' घेणं बंद केलं. सातिवलीच्या शेडला कुलूप लागलं. बाटल्या भरणाऱ्या अकरा बायका घरी बसल्या. त्यांतली चांदीपची तेजस्वी नावाची एक उर्सुलाकडे काम मागायला आली, मागोमाग आणखी एक. उर्सुलाकडे एकीलाच पुरेल एवढं काम होतं. दुसरीला परत पाठवताना तिला दारातून लवकर आत जावंसं वाटलं.

तिसऱ्यांदा ॲन्सेल्म आला तेव्हा दाढी वाढलेली होती. उर्सुला मांडवावर सुकेळी उलटत होती. तो ओट्यापर्यंत आलाच नाही, विहिरीजवळच बसला.

"झालं तुझ्या मनासारखं?"

तिने आणखी एक केळं उलटलं.

"त्या जीपसाठी केलंस ना हे सगळं?"

उर्सुलाचे हात थांबले. इतक्या वर्षांत तिने त्याच्यासमोर जीपचं नाव काढलं नव्हतं. तिला खात्री होती, पण खात्री म्हणजे कळणं नव्हे. किती वेळा तिला वाटून गेलं होतं की युजीनचंच खरं असलं तर.

"कुठल्या जीपसाठी?" ती म्हणाली.

"सोंग करू नकोस."

"नाही, तू सांग. तुझ्या तोंडाने सांग."

ॲन्सेल्मने विहिरीच्या कठड्यावर डोकं टेकलं. "मला फक्त तुमचं बंद पाडायचं होतं. बाजारात दोन चालल्या नसत्या. पिंपं नेतील, दंड होईल, बस. युजीनला धरून नेतील असं वाटलं नव्हतं. शाळेवरून नेतील असं तर... देवाशपथ, वैनी."

"भिंत तू ठोकली होतीस," उर्सुला म्हणाली.

"हो."

"कुठे ते तू सांगितलंस."

"हो, वैनी."

पाटात पाणी वाहत होतं. उर्सुलाला वाटलं होतं की हे शब्द ऐकले की छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं झालं नाही. फक्त तिला एकदम युजीनचा चेहरा आठवला, 'काहीतरी बोलू नकोस' म्हणतानाचा, आणि तो चुकीचा ठरला याचंच वाईट वाटलं.

"आता जा," ती म्हणाली. "आणि सासूचा फोटो परत आणून दे."

फोटो दोन दिवसांनी एका रिक्षावाल्याबरोबर आला. ॲन्सेल्म पुढे बोळिंजला, त्याच्या वाडीच्या जागेवर नाही पण जवळच्याच इमारतीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागला. चांदीपची राजेळी ज्याची जमीन त्यानेच कापून घेतली. पुढच्या वर्षी ॲनीने नाशिककडे एका वायनरीत नोकरी धरली. ती सणाला येते, आईशी नीट बोलते, वाईनबद्दल बोलत नाही. मार्ग्रीटला पत्र लिहावं असं उर्सुलाला एकदा वाटलं होतं. कार्ड तिने अजून ठेवलंय. पण काय लिहायचं ते तिला जमलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात ती कबुलीजबाबाला गेली. फादर नवीन होते, तरुण.

"एका परक्या बाईशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "वाईन असताना संपली म्हणाले. तिने माझं काही वाईट केलं नव्हतं. लेकीलाही त्यात फसवलं. आणि दोन गरीब बायांची कामं गेली माझ्यामुळे. दोन नाही, अकरा. त्याचं मला फार वाईट वाटतं."

फादरनी विचारलं, हे कशासाठी केलंस? तिने सांगितलं, नाव न घेता.

"आणि त्या माणसाबद्दल?"

"त्याच्याबद्दल नाही, फादर."

"त्याला क्षमा केल्याशिवाय..."

"ते मला ठाऊक आहे," उर्सुला म्हणाली. "त्याच्याबद्दल वाईट वाटलं की येईन."

ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर आली. ऊन चांगलं तापलं होतं. मांडवावरची केळी उलटायची राहिली होती, म्हणून ती भरभर घराकडे निघाली.